भिमाचं काही ठरेना

भिमा मूळची आंबवड्याची. दिली पालीला, राजगडाच्या पायथ्याला. अंगानं सडसडीत, बोलायला कमी, पण हात असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, हिला कुठंतरी जायची घाई आहे. घाई कसलीच नसायची. ती सवय रोपवाटिकेत लागलेली. लग्नाआधी ती आईबरोबर भोरजवळच्या सरकारी रोपवाटिकेत कामाला जायची. पोयटा चाळायचा, शेणखत मिसळायचं, काळ्या पिशव्या भरायच्या आणि त्यात करंजाचं, जांभळाचं बी टोचायचं. आई दमून सावलीला बसली तरी भिमाची रांग चालूच. लग्नानंतरही ती वेल्ह्याच्या रस्त्याला अशाच एका रोपवाटिकेत जात होती आणि नवऱ्याची, गोरखची, तेव्हा काही हरकत नव्हती.

मग तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तसं एका संध्याकाळी कामाच्या बायकांची ने-आण करणाऱ्या जीपवाल्यानं तिला मागं बायकांच्या गर्दीत न बसवता पुढच्या सीटवर बसवलं आणि घरापाशी सोडलं. गोरख दारात टेम्पो धूत होता. त्यानं बघितलं आणि पाणी मारत राहिला. जेवताना मात्र ताटावरनं नजर न उचलता म्हणाला, "उद्यापासनं कामाला जायाचं न्हाई."

का, ते भिमानं विचारलं नाही. तिला वाटलं, काळजीनं म्हणत असेल. पोर झाली, तिचं नाव शेफाली ठेवलं, पोर चालायला लागली, तरी काम बंदच राहिलं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की ती काळजी नव्हती.

गोरख दिसायला देखणा, बोलायला गोड. गडावर येणाऱ्या पुण्याच्या पोरांना 'या दादा, बसा दादा' करून टेम्पोतनं फाट्यापर्यंत सोडायचा, भाजीचा माल सारोळ्याच्या पुलापर्यंत न्यायचा. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. घरात त्याचा हात उठायचा. पहिल्यांदा मिठावरनं उठला, मग मोबाईलवरनं, मग कशावरनंही. मारायला काहीतरी कारण लागतं असं भिमाला वाटायचं. म्हणून पुढं पुढं त्याला सापडलं नाही तर कारण तीच शोधून काढायची. भाकरी करपली होती. भांडं वाजलं होतं. आपलंच चुकलं असणार.

सासूला ती आत्या म्हणायची. अंबूबाई. आत मार चालू असला की ही उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. सूप हलायचं थांबायचं नाही. एकदा भिमानं विचारलं, तर म्हणाली, "बाप्याचा राग म्हंजी चुलीचा धूर. दार उघडं ठिवलं की जातुया." पण दार तिनं कधी उघडलं नाही.

त्या दिवशी गोरखनं टेम्पोची टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, उचलली. भिमानं डोकं वाचवायला डावा हात आडवा धरला आणि मनगटात काहीतरी काडकन मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. टॉमी टाकून तो टेम्पो घेऊन निघून गेला. शेफाली पलंगाखाली शिरलेली. भिमा उंबऱ्यापाशी आली तेव्हा अंबूबाई रस्त्याकडं बघत होती. सुनेकडं न बघता म्हणाली, "येस्टी वर वेल्ह्याला गेलीया. उतरताना भेटंल."

हे 'जा' म्हणून सांगितलं, की 'जाऊन जाऊन जाशील कुठं' म्हणून, ते भिमाला तेव्हाही कळलं नाही. तिनं पोरीला काखेत मारलं आणि चप्पल न घालताच रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

गाडीत कंडक्टर बाई होती. "कुठलं देऊ?" तिनं विचारलं. भिमानं मोडका हात पोटाशी धरला. बाईनं तिच्या हाताकडं बघितलं, पायांकडं बघितलं, आणि आवाज उतरवून म्हणाली, "माहेर कुठलं?"

"आंबवडं."

"मग फाट्याला उतर आन् भोरची गाडी धर. भोरास्नं मिळंल." तिनं बायकांचं अर्धं तिकीट फाडलं आणि पैसे मागायला तिच्यापाशी थांबलीच नाही.

माहेरी आता आई नव्हती, भाऊ धनाजी होता. वाईट नव्हता. बहिणीचा हात बघून त्याचे डोळे भरले, गोरखला त्यानं दोन शिव्या घातल्या आणि मग म्हणाला, "चार दिस ऱ्हा. राग निवला की म्या सोता नेऊन घालतो." त्याची बायको मंगल चुलीपाशी होती. ती उठली, डोक्यावरनं पदर घेतला आणि म्हणाली, "आधी हात दाखवूया."

भोरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, हात कसा मोडला. भिमा म्हणाली, "पडले." मंगल म्हणाली, "पडली न्हाई, पाडली." डॉक्टरनं एकीकडं बघितलं, दुसरीकडं बघितलं आणि फोन उचलला.

प्लास्टर होऊन ती बाकावर बसली, तेव्हा एक तरुण बाई आली. सुती साडी, खांद्याला पिशवी. "मी अश्लेषा. महिला-बालविकासाची संरक्षण अधिकारी." अधिकारी म्हटल्यावर भिमा ताडकन उभी राहिली. म्हणाली, "मला नवऱ्याला पोलिसात द्याचं न्हाई."

"मी पोलीस नाही, ताई. बसा. पाणी प्यायलात का?" अश्लेषा शेजारी बसली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

भिमा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. पाणी हवंय का, असं विचारत असेल. म्हणाली, "प्याले की."

"तसं नाही. पुढं काय करावं असं वाटतंय? पालीला जायचंय, भावाकडं राहायचंय, की थोडे दिवस दुसरीकडं सुरक्षित राहून विचार करायचाय?"

आजवर भिमाला लोकांनी विचारलं होतं ते एवढंच: भाकरी झाली का, पाणी आणलं का, कुठं गेली होतीस. या प्रश्नाला उत्तर कुठनं काढायचं, ते तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "मला काय पायजे ते म्हाईत न्हाई."

"चालेल," अश्लेषा म्हणाली.

चालेल? भिमाला हे आणखीनच अवघड वाटलं.

अशी ती आणि शेफाली सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या आधारघरात आल्या. भोरच्या कडेला पिवळं बसकं घर, पुढं पेरूचं झाड. सांभाळणाऱ्या नलूताई ऐसपैस बाई, बोलणं भरभर. त्यांनी कॉट दाखवली, साबण दिला, शेफालीला दूध दिलं. सांगितलं, "संध्याकाळी दाराला आतून कडी लावतो. किल्ली खुंटीला असते."

भिमानं एवढंच ऐकलं की कडी लावतात. म्हणजे कोंडतात. दुसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "माझा गुन्हा काय लिवलाय?" नलूताईंना आधी कळेचना. कळल्यावर त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून तिच्या चांगल्या हातात ठेवली. "बाहेर जाऊन या. पेरूपर्यंत जा, बाजारात जा. फक्त सांगून जा, म्हणजे जेवायला थांबता येईल." भिमा फाटकापर्यंत गेली, किल्ली मुठीत धरून उभी राहिली आणि परत आली. कुठं जायचं तेच सुचेना.

पहाटे तिला आपोआप जाग यायची. पहिल्याच दिवशी एका हातानं तिनं सगळं अंगण झाडून काढलं. एक बाई डोळे चोळत आली आणि म्हणाली, "अगं, आज झाडायची पाळी माझी." भिमाला वाटलं, चुकलं. खाली मान घालून बसली, आता कुणीतरी बोलेल म्हणून. कुणीच बोललं नाही. चहा आला. असे दिवस गेले. कुणी रागावलं नाही की तिला धास्ती वाटायची, रागावायचं साठवून ठेवत असतील. दुपारी रस्त्यानं टेम्पो गेला की ती दाराआड व्हायची, आणि तो आपला नव्हे हे कळलं की, कुणाला सांगू नये असं, थोडंसं वाईटही वाटायचं. हे का, ते तिचं तिलाच समजेना.

हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा नलूताईंनी विचारलं, "पूर्वी काही काम करायचात?"

"घरचंच."

"त्याच्या आधी?"

भिमाला आठवायला जरा वेळ लागला. "पिशव्या भरायची. नर्सरीत."

अश्लेषानं दोन-तीन ठिकाणी फोन केले. भोरच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर बायका हव्याच होत्या. प्रश्न होता शेफालीचा. त्या भागातल्या अंगणवाडीला जोडून सरकारी पाळणाघर होतं. आई कामावर असेपर्यंत पोरं तिथं राहायची, खायची, झोपायची. पहिल्या दिवशी शेफालीनं आईचा पदर सोडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती आत पळाली आणि तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. भिमा दारात बराच वेळ उभी राहिली. पोर रडली तेव्हा जीव तुटत होता, न रडता गेली तेव्हाही तुटला.

रोपवाटिकेत तिच्यापुढं पोयट्याचा ढीग आला. डाव्या मनगटात अजून कळ होती. तिनं पिशवी उचलली, फुंकर मारून तोंड उघडलं, मूठभर माती घातली, दाबली, आपटली, परत घातली. दुपारपर्यंत तिच्या मागं सरळ रांग उभी राहिली. शेजारची बाई म्हणाली, "बया, तू गाणं म्हनतीयास व्हय?" भिमा गप्प झाली. आपण गुणगुणत होतो हे तिला माहीतच नव्हतं. तिला एकदम भीती वाटली. घर मोडलंय, पोर परक्या दारात आहे आणि ही गातेय. आपल्या डोक्यात काही बिघाड तर झाला नाही ना?

गोरख आला तो अश्लेषाच्या कार्यालयात, बोलावल्यावरनं. बरोबर धनाजी. गोरखनं पांढरा सदरा घातला होता, शेफालीला चंदेरी सँडल आणले होते. तो वाळलेला दिसत होता. सगळ्यांसमोर तो रडला. "चुकलं माझं. हात लावनार न्हाई. पोरीची आन." धनाजी बहिणीच्या कानाशी लागला, "आता तरी चल. लोक काय म्हनत्यात, ठावं हाय?"

भिमाला ते रडणं खरं वाटलं. खोटंही वाटलं. याला कोण भाकरी घालतंय, असं मनात आलं, आणि त्याच वेळी मनगट ठणकलं. ती म्हणाली, "येते." सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती म्हणाली, "न्हाई." मग म्हणाली, "मला आजच सांगाया येनार न्हाई."

गोरखचं रडणं थांबलं. ज्या वेगानं ते थांबलं, तो वेग तिनं पाहिला.

दोघं गेल्यावर ती अश्लेषावर उखडली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणावर तरी उखडली असेल. "तुमी शिकलेल्या! तुमी सांगा की, जाऊ का नगं!"

"मी नाही सांगणार, भिमाताई. तुम्ही गेलात तरी माझा फोन चालू असेल, राहिलात तरी असेल."

"मग तुमचा उपेग काय?"

अश्लेषानं चहा मागवला. दोघींनी तो प्यायला.

महिने गेले. भिमाचं काही ठरेना. रोज सकाळी ती रोपवाटिकेत जात होती, एवढंच ठरलेलं होतं. आणि एका दुपारी, बायका जेवायला शेडमध्ये बसल्या असताना, फाटकातनं अंबूबाई आत आली. हातात गाठोडं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला.

भिमाचा घास हातातच राहिला. न्यायला आली असणार. मागं गोरख असेल. तिनं रस्त्याकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"इचारत इचारत आले," म्हणत अंबूबाई कडेला बसली. कुणीतरी पाणी दिलं, ती प्याली. बायका उठून कामाला गेल्यावर म्हातारीनं पदर सारखा केला, तेव्हा गालफाडावरचा काळानिळा डाग दिसला.

"तुमच्या त्या घरात म्हातारीला घेत्यात का?" ती म्हणाली.

"काय झालं, आत्या?"

"हात टाकला माझ्यावर."

"कुनी?"

"अजून कुनी." अंबूबाई मातीकडं बघत राहिली. "तू गेलीस. मग मीच ऱ्हायले हाताशी."

भिमाच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर 'बरं झालं'. ते आलं आणि तिलाच चटका बसला. मग तिला त्या सुपाचा आवाज आठवला, मार चालू असताना न थांबणारा. मग म्हातारीचे पाय दिसले, धुळीनं भरलेले. राग कुठं ठेवायचा आणि दया कुठं, जागाच सापडेना.

"त्या दिशी मला येस्टीचं का सांगितलं?" तिनं विचारलं.

"कंच्या दिशी?"

"हात मोडला त्या दिशी. उतरताना भेटंल म्हनला."

अंबूबाईनं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हनले आसन," ती म्हणाली. "मला काय याद न्हाई, भिमे."

संध्याकाळी आधारघरात नलूताईंनी म्हातारीला जेवू घातलं. अश्लेषाही आली. तिनं भिमाला बाहेर पेरूखाली नेलं. "त्यांना आसरा द्यायलाच हवा, ते आम्ही देऊ. पण तुम्ही इथं आधीपासून आहात. त्यांच्याबरोबर एका छताखाली राहायचा त्रास होणार असेल तर सांगा, त्यांची सोय पुण्याला करू. त्यांना तुमच्यावर नजर ठेवायला पाठवलं असेल, अशी शंका असेल तर तीही सांगा."

आता मात्र 'माहीत नाही' म्हणून भागणार नव्हतं. पुण्याला म्हातारीला कोण ओळखणार? तिला तर नसरापूरच्या बाजारात रस्ता सापडायचा नाही. पण तिनं दार उघडलं नव्हतं. एकदाही उघडलं नव्हतं. भिमानं पेरूचं एक पान तोडलं, त्याचे तुकडे तुकडे केले.

"हितं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर माझ्या खोलीत नगं."

तसंच झालं. म्हातारी समोरच्या खोलीत राहायला लागली. पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. शेफाली मात्र दोन्ही खोल्यांत हुंदडायची. पुढं एकदा भिमा कामावरनं आली, तर अंबूबाई पायरीवर बसून बायकांना सांगत होती, "माझी सून सरकारी नर्सरीत हाय." आवाजात मिजास होती. भिमाला हसावं की ओरडावं ते कळेना. ती तशीच आत गेली.

पालीचं घर सासऱ्यांच्या मागं अंबूबाईच्या नावावर होतं. हे अश्लेषाच्या बोलण्यातनं निघालं आणि मग गोष्टी भराभर हलल्या. फुकट वकील मिळाला. म्हातारीनं मुलाविरुद्ध अर्ज दिला, भिमानंही आपला दिला. अंबूबाईनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकला. "पोटचा हाय," ती म्हणत होती, "पोटचा हाय वो," आणि म्हणता म्हणता तिनं अंगठा उठवला. कोर्टानं गोरखला घराबाहेर राहायला सांगितलं, दोघींच्या आसपास फिरकायची मनाई केली. तो सारोळ्याला गेला. तिथंच टेम्पो लावतो, तिथंच राहतो असं कानावर येतं.

अंबूबाई पालीला परत निघाली, तेव्हा भोरच्या स्टँडवर भिमा सोडायला गेली होती. "चल की," म्हातारी म्हणाली. "तो न्हाई आता घरात."

"काम हाय."

"आयतवारी ये."

"बघू."

काही रविवारी भिमा गेली, काही रविवारी नाही. त्या घरात पाऊल टाकलं की तिचे कान आपोआप टेम्पोचा आवाज शोधायचे. आधारघर सोडून तिनं रोपवाटिकेतल्याच एका बाईच्या शेजारी खोली घेतली. कुणी 'मालक काय करतात' विचारलं तर ती एकदा म्हणते 'टेम्पो चालवतात', एकदा म्हणते 'न्हाईत'. दोन्ही म्हणून झाल्यावर चुटपुट लागते ती लागतेच.

यंदा आषाढात, पावसानं उघडीप दिली तशी, वनखात्याची लावण पालीच्या वरच्या उतारावर निघाली. जांभूळ, बेहडा, करंज अशी रोपं ट्रकमध्ये चढली. बायकांची टोळी घेऊन कोण जाणार म्हणून विचारलं, तेव्हा भिमाचं नाव पुढं आलं. ती नाही म्हणणार होती, तोंडून 'जाते' निघालं. ट्रकच्या हौद्यात रोपं भरली होती, बायका मागच्या जीपमध्ये, म्हणून ती पुढं, ड्रायव्हरशेजारी बसली. पालीत ट्रक थांबला. दारादारांतनं लोक बघायला लागले. भिमाला वाटलं, खाली उतरूच नये. मग रोपं उन्हाला तापतील म्हणून उतरली.

अंबूबाई घागर आणि तांब्या घेऊन आली. सगळ्या बायकांना तिनं पाणी दिलं. भिमापाशी आली आणि थबकली. पाहुणी म्हणून द्यावं, की घरच्या बाईनं आपलं आपण घ्यावं? म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला. भिमालाही ते कळलं नाही. तिनं तांब्या घेतला, उभ्यानंच घटाघटा प्याली आणि परत दिला.

"ऊन लई हाय," अंबूबाई म्हणाली.

"व्हय," भिमा म्हणाली. मग तिनं वळून टोळीला हाक मारली, "खड्डे कुठवर झाल्यात गं? पिशवी फाडताना मुळ्या सांभाळा," आणि रोपांची पहिली पाटी डोक्यावर घेऊन ती चढाला लागली.